आठ महिने काराओके: जपानी मंडळींत पुरुषाने कोणती गाणी म्हणावीत

मला गाता येत नाही, हे आधीच सांगतो. शाळेत समूहगीताच्या वेळी मागच्या रांगेत उभं करून ज्याला नुसते ओठ हलवायला सांगतात, तो मुलगा म्हणजे मी. तोक्योत निशिकासाईला राहायला आल्यापासून ऑफिसच्या 'निजिकाई'ला, म्हणजे जेवणानंतरच्या दुसऱ्या बैठकीला, काही ना काही कारण सांगून सटकायचो. निजिकाई म्हटली की बहुतेक वेळा काराओकेच. गेल्या ऑक्टोबरात विभागप्रमुखांनी, म्हणजे आमच्या 'बुचों'नी, थेट खांद्यावर हात ठेवला आणि मी सापडलो. तेव्हापासून चौदा बैठका झाल्या. त्यांतून जे हाती लागलं ते लिहितोय, कारण इकडे नव्याने येणारे मित्र हाच प्रश्न विचारतात: गायचं काय?

पहिल्या रात्री मी 'प्रिटेंडर' लावलं. ऑफिशियल हिगे दान्दिझम या बँडचं २०१९ चं गाणं, सगळ्यांना पाठ, म्हटलं चालून जाईल. कडवं कसंबसं रेटलं. ध्रुवपद आलं आणि आवाज फाटला. तो गायक जिथे लीलया वर जातो, तिथे माझं प्रेशर कुकर झालं. खोलीतले लोक सभ्य. टाळ्या वाजवत राहिले, पण नजरा हळूहळू मेनूकार्डाकडे वळल्या. शेजारच्या सेनपाईंनी (वयाने, अनुभवाने मोठ्या सहकाऱ्याला असं म्हणतात) अलगद टॅब्लेट ओढला आणि विचारलं, "की सागेमाशो का?" म्हणजे पट्टी खाली घेऊ का?

आपल्याकडे गाणारा माणूस बसल्याबसल्या पेटीवाल्याला सांगतो, काळी एक. इथे मशीनवर नुसतं 'की' म्हणून बटण असतं, एकदा दाबलं की अर्धा स्वर खाली, म्हणजे पेटीवर लगेच शेजारची पट्टी. एवढी सोय असून मी महिनाभर त्या बटणाला हात लावला नाही. का, तर कमीपणा वाटायचा. आता कुठलंही नवं गाणं मी आधी तीन पायऱ्या खाली घेऊनच सुरू करतो. अलीकडचे जपानी पुरुष गायक फार वरच्या पट्टीत गातात, आणि आपला आवाज म्हणजे रिक्षा थांबवायला कमावलेला.

मुळात हे यंत्र बेसूर माणसासाठीच निघालं. कोबेच्या इनोउए दाइसुके या वादकाने १९७१ मध्ये ते तयार केलं. एका गिऱ्हाइकाला सहलीला जाताना त्याच्या गाण्याच्या बेताने वाजवलेली साथ हवी होती, इनोउएंनी ती टेपवर भरून दिली, आणि तिथून कल्पना सुचली. पेटंट घेतलंच नाही. २००४ मध्ये त्यांना इग नोबेल, म्हणजे नोबेलची थट्टा करणारं गमतीचं पारितोषिक, मिळालं, तेही शांततेचं: लोकांना एकमेकांना सहन करायला शिकवल्याबद्दल! माझं 'प्रिटेंडर' ज्यांनी ऐकलं, त्यांना हे पटेल.

आता गाणी. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं एक सांगायचं तर द ब्लू हार्ट्सचं 'लिंदा लिंदा', १९८७ चं. सुरुवात अगदी हळू, जवळपास बोलल्यासारखी, आणि तीही गटारातल्या उंदरावर. मग एकदम ढोल पेटतात आणि सगळी खोली उड्या मारायला लागते. ध्रुवपदात शब्द म्हणजे गाण्याचं नावच, तेही ओरडायचं. सूर कोण बघतोय! पहिल्यांदा म्हटलं तेव्हा हिशेब विभागातल्या एरवी 'ओत्सुकारेसामा' (दमलात ना, अशा अर्थाचं ऑफिसातलं ठरलेलं अभिवादन) यापलीकडे न बोलणाऱ्या बाईंनी डफली उचलली आणि दुसरा माइक घेऊन माझ्यासोबत ओरडल्या. सोमवारी लिफ्टमध्ये भेटल्या तर हसल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोवाड्यात शाहीर एकटा नसतो, मागे झीलकरी 'जी जी रं जी' म्हणून उचलून धरतात. इथे ऐकणाऱ्यांनी मध्ये टाकायच्या अशा आरोळ्यांना 'आइनोते' म्हणतात. मी आता गाणं निवडताना माझा आवाज बघतच नाही, झीलकऱ्यांना कुठे शिरता येईल ते बघतो. साइजो हिदेकींचं १९७९ चं 'यंग मॅन' याच कारणाने चालतं: हातांनी वाय, एम, सी, ए अशी अक्षरं करायची असतात, आणि पन्नाशीचे लोक ग्लास खाली ठेवून उभे राहतात. 'ड्रॅगन बॉल झी' या कार्टून मालिकेचं १९८९ चं शीर्षकगीत चाळिशीच्या आसपासची मंडळी असतील तर हमखास. त्याहून लहान पोरं असतील तर ओकिनावाच्या 'मोंगोल ८००' या बँडचं 'चीसाना कोई नो उता', २००१ चं. ते मला अजून नीट जमत नाही, पण ध्रुवपद आलं की माझा आवाज कुणाला ऐकूच येत नाही, म्हणून यादीत ठेवलंय.

आणि परदेशी माणसाचं हुकमी पान: 'उए ओ मुइते आरुको'. साकामोतो क्यूंनी १९६१ मध्ये गायलं, १९६३ मध्ये 'सुकियाकी' या भलत्याच नावाने अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. चाल सोपी, लय चालण्याची, मध्ये शिट्टी. मला शिट्टीही येत नाही, पण तेवढ्यापुरतं कुणीतरी वाजवतंच. वयस्कर लोक डोळे मिटून डोलतात. एकच सांगतो, हे बैठकीच्या पहिल्या तासात म्हणा. लोक रंगात आल्यावर लावलंत तर सगळे पुन्हा खाली बसतील.

भाषेची भीती बाळगू नका. पडद्यावर कांजीच्या, म्हणजे चिनी चिन्हांच्या, डोक्यावर बारीक 'काना' या उच्चारलिपीत वाचन दिलेलं असतं आणि म्हणायचा शब्द रंग बदलत जातो, पण मला तो वेग झेपत नाही. मी खिशातल्या वहीत देवनागरीत लिहून नेतो. रोमन लिपीपेक्षा कितीतरी बरं, कारण ऱ्हस्व-दीर्घ दिसतं, आणि जपानीत एक मात्रा चुकली की ताल चुकतो. शिवाय 'त्सु' म्हणताना आमच्या टीममधले उत्तरेकडचे मित्र अडखळतात. आपण 'चूल' आणि 'चुना' म्हणत वाढलो, आपल्याला तो च आयता येतो. 'जुना'तला ज-सुद्धा इथे कामाला येतो. व्याकरणाच्या तासाला कंटाळलेल्या माणसाला एवढा परतावा पुरे.

सराव मी एकट्याने जाऊन केला. त्यालाही इथे शब्द आहे, 'हितोकारा', आणि काउंटरवर 'एकच?' असं विचारताना कुणी भुवई उंचावत नाही. शनिवारी दुपारी दोन तास, एकच गाणं नऊ-दहा वेळा. गुण देणारी सोयही लावून पाहिली. पडद्यावर सुरांच्या पट्ट्या येतात, कंप किती, आवाज कुठे घसरला, सगळं मोजतं. सरावाला ठीक. मंडळींसमोर मात्र चुकूनही लावू नका. अडुसष्ट गुण पडद्यावर झळकल्यावर सगळे मिळून 'छान झालं' म्हणतात तेव्हा जास्त लागतं.

सगळ्यात मोठी चूक डिसेंबरातल्या 'बोनेन्काई'ला केली, म्हणजे वर्ष संपताना होते त्या पार्टीत. 'कानपाई' हे नागाबुची त्सुयोशींचं लग्नात, निरोपाला म्हटलं जाणारं संथ गाणं मी घोटून नेलं होतं, आवाजाला झेपणारं. लावलं. खोली गप्प. ते आमच्या बुचोंचं 'ओहाको' निघालं. प्रत्येकाचं ठरलेलं हुकमी गाणं असतं त्याला ओहाको म्हणतात, लिहिताना 'अठरा क्रमांक' असं लिहितात, काबुकीतल्या एका घराण्याच्या अठरा निवडक नाटकांवरून आलेलं. म्हणजे मी साहेबांच्या ताटातली पुरणपोळी उचलली होती. पहिलं कडवं झालं आणि मी उठून दोन्ही हातांनी माइक त्यांच्यापुढे धरला. त्यांनी दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा घेतला, आणि असे गायले की माझा गुन्हा माफ झाला. आता मी टॅब्लेटवर आधी मागच्या गाण्यांची यादी बघतो, मगच माझं लावतो.

विरहाची गाणी मी काढून टाकली. जपानी लोकांना ती आवडतात, पण ती गळा असलेल्यांनी म्हणावीत. सहा मिनिटांच्या पुढचं काहीही नको. आणि वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी खोलीतला फोन वाजतो, तो मुद्दाम मी उचलतो. 'हाय, हाय' (म्हणजे हो, हो) म्हणत एका हाताने 'लिंदा लिंदा' लावतो, पट्टी तीन खाली. हिशेबवाल्या बाई तोवर डफली शोधत असतात.