तीन पट्ट्यांचा हार्नेस: घाबरलेल्या फॉस्टर कुत्रीवर सहा महिने वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, तुमचा कुत्रा लीश दिसली की नाचायला लागणारा असेल तर हा हार्नेस घ्यायची गरज नाही, नीट बसणारा कुठलाही साधा हार्नेस चालेल. ज्यांच्याकडे हरवलेला, कित्येक दिवस उपाशी भटकलेला, माणूस जवळ आला की जमिनीला चिकटणारा कुत्रा फॉस्टरला (म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरता सांभाळायला) येणार आहे त्यांच्यासाठी लिहितेय. आणि जमलं तर तो घरी यायच्या आधी वाचा, कारण पळून जायचा सगळ्यात मोठा धोका पहिल्या काही दिवसांतच असतो.

मी हे शिकले ते फार वाईट पद्धतीने. भुरीच्या, म्हणजे या रिव्ह्यूतल्या कुत्रीच्या आधी माझ्याकडे एक फॉस्टर कुत्रा होता, त्याला दोन पट्ट्यांचा नेहमीचा हार्नेस घातला होता, एक पट्टा मानेभोवती आणि एक छातीभोवती. गेटपाशी कुणीतरी जोरात गाडीचं दार आपटलं, तो मागे सरकला, डोकं खाली घातलं, आणि दोन सेकंदांत माझ्या हातात रिकामा हार्नेस. दोन रात्री तो बाहेर होता. सापडला, पण त्या दोन रात्री मी झोपले नाही आणि अजूनही गेट उघडताना माझा हात लीशवर घट्ट होतो. त्यामुळे भुरीबद्दल फोन आला तेव्हा रेस्क्यू ग्रुपमधल्या ताईंनी पहिलं वाक्य हेच म्हटलं की आधी तीन पट्ट्यांचा आणून ठेवा, मग कुत्री पाठवते.

भुरी तीन आठवडे बाहेर होती. कुणाची तरी पाळलेलीच, मानेवर जुन्या कॉलरचा वळ होता. दिसली की लोक चांगल्या मनाने हाका मारायचे, मागे धावायचे, आणि ती दरवेळी आणखी लांब जायची, कारण एवढा घाबरलेला कुत्रा ओळखीच्या हाकेलाही धोकाच समजतो. शेवटी ग्रुपने सगळ्यांना विनवण्या करून पाठलाग थांबवला, एकाच जागी रोज ठरलेल्या वेळी खाणं ठेवलं, कॅमेरा लावला, मग तिथेच पिंजरा ठेवला पण दार बांधून उघडं, म्हणजे ती बिनधास्त आत जाऊन खाऊन बाहेर येईल. ती सवयीने आत जायला लागल्यावर दाराची दोरी सोडली, आतल्या पाटीवर पाय पडला आणि दार बंद. स्कॅनर फिरवल्यावर खांद्यांच्या मधे कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप सापडली, पंधरा आकडी नंबर आला, सगळ्यांना वाटलं आता घरी जाईल, पण नोंदवलेला फोन कधीचा बंद होता. चिपमध्ये बॅटरी नसते, जीपीएस नसतो, ती फक्त नंबर सांगते, बाकी सगळा भरवसा नोंदीवर. तुमचा फोन नंबर बदलला असेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी ती नोंद बदलून या, खरंच.

आता हार्नेसकडे येते. यात नेहमीचे दोन पट्टे आहेतच, शिवाय तिसरा एक पट्टा बराच मागे, बरगड्या संपतात तिथे पोटाभोवती येतो. कुत्र्याची छाती खोल असते आणि कंबर बारीक, त्यामुळे कुत्रा मागे सरकत निसटायला लागला की हा तिसरा पट्टा पुढे येऊन बरगड्यांवर अडकतो, बाहेर पडूच शकत नाही. सगळी करामत एवढीच, पण तो पट्टा कमरेच्या खरोखर बारीक भागात आला पाहिजे. बरगड्यांवरच बसला तर तो नुसता जास्तीचा पट्टा आहे, उपयोग शून्य. म्हणून साइज निवडताना फक्त छातीचं माप घेऊ नका, कंपनीच्या चार्टमध्ये तेवढंच विचारलंय आणि ही माझी पहिली तक्रार. पाठीची लांबी आणि कमरेचं मापही मोजा. मी चार्टवर विश्वास ठेवून मागवला, तो आखूड निघाला, बदलून घ्यावा लागला, बदलून पटकन दिला हे मात्र मान्य.

फिटिंग करताना प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढीच ढिलाई ठेवा. उपाशी राहिलेल्या कुत्र्याच्या बाबतीत हे दर आठवड्याला परत बघावं लागतं, कारण वजन वाढतं. (वाढवायची घाई करू नका बरं का, खूप दिवस उपाशी असलेल्या कुत्र्याला एकदम पोटभर खायला घातलं तर रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडून जिवावर बेतू शकतं, व्हेटने सांगितलेलं थोडं थोडं आणि जास्त वेळा.) भुरीचे पट्टे मी दीड महिन्यात चार वेळा सैल केले. ॲडजस्ट करायच्या कड्या चांगल्या आहेत, एकदा लावलं की सरकत नाहीत. काखेजवळचा कपडाही मऊ आहे, पण पावसात भिजल्यावर लवकर वाळत नाही आणि ओला राहिला की घासतो, तिला एकदा तिथे लाल झालं होतं.

घालायचं कसं, यावर जरा सविस्तर लिहिते, कारण माझी खरी चूक इथे झाली. पहिल्यांदा हार्नेस दवाखान्यातच तपासणीच्या वेळी घातला होता आणि पहिले पाच दिवस तो काढायचा नाही असं ठरलं होतं, म्हणजे रोज काढघाल करून तिला छळायला नको, काखा दोनदा तपासायच्या आणि क्रेटमध्ये (घरातल्या पिंजऱ्यात) ठेवताना लीश काढायची, कुठे अडकायला नको. सहाव्या दिवशी काढला, धुतला, परत घातला, तर ही अगदी शांत उभी राहिली. मला इतका आनंद झाला, मी ताईंना व्हिडिओ पाठवला की बघा किती शहाणी आहे. त्यांनी एवढंच लिहिलं, आवाज बंद करून परत बघा. मी बघितलं. शेपूट पोटाखाली, कान मागे चिकटलेले, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, दर दोन सेकंदांनी ओठ चाटतेय, आणि श्वास जवळजवळ थांबलेला. ती शांत नव्हती, गोठली होती. पळता येत नाही, चावायची हिंमत नाही, मग उरतं ते हेच. मी तो व्हिडिओ अजून डिलीट केलेला नाही.

मग पहिल्यापासून सुरू केलं. हार्नेस तिच्या अंथरुणापासून लांब जमिनीवर ठेवायचा आणि त्याच्याभोवती खाऊ टाकून आपण बाजूला, तिच्याकडे पाठ करून, न बघता बसायचं. तीन दिवस एवढंच. मग खाऊ हार्नेसच्या वर. मग मी हातात धरलेल्या गळ्याच्या भागातून पलीकडे खाऊ, म्हणजे तिने स्वतः डोकं घालायचं, मी हात पुढे न्यायचा नाही. तिने मान मागे घेतली की मी लगेच हार्नेस खाली ठेवायचे, आणि मला वाटतं तिला विश्वास वाटायला लागला तो खाऊमुळे कमी आणि या गोष्टीमुळे जास्त, तिचं नाही म्हणणं कुणीतरी ऐकत होतं. काही दिवस एक पाऊल पुढे, काही दिवस दोन मागे, ज्या दिवशी घरात आधीच काहीतरी आवाज झालाय, पाहुणे येऊन गेलेत, त्या दिवशी कालचं येणारंसुद्धा येत नाही, भीती एकावर एक साठत जाते, तेव्हा ते दिवस सरळ सोडून द्यायचे.

आणि इथे या हार्नेसचे दोन मोठे दोष. एक, तो डोक्यावरूनच घालावा लागतो, गळ्याला बक्कल नाही. घाबरलेल्या कुत्र्याला डोक्यावरून काही येणं सगळ्यात नकोसं असतं, मग ज्याच्यासाठी वस्तू बनवली त्याचाच विचार का केला नाही. दुसरा, बक्कलचा आवाज. तो खटका घरात शांतता असताना एवढा मोठा वाटतो की पहिल्यांदा भुरी भिंतीवर जाऊन आदळली. मी नुसती बक्कलं उशीखाली धरून दाबायचे, खटका झाला की खाऊ, मग उशीऐवजी टॉवेल, मग नुसता हात. त्या एका आवाजावर बारा दिवस गेले, बारा. आता खटका ऐकला की ती उठून येते.

ज्या दिवसासाठी हा हार्नेस घेतला तो दिवस सातव्या आठवड्यात आला. पहाटेची वेळ, रस्ता रिकामा, आम्ही नेहमीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो होतो आणि कुठेतरी पत्र्याचं शटर धाडकन पडलं. भुरी अगदी आधीच्या कुत्र्यासारखीच मागे सरकली, डोकं खाली, पुढचे दोन्ही पट्टे सरकले, गळ्याचा तर कानापर्यंत आला, मला वाटलं गेली. तिसरा पट्टा बरगड्यांवर येऊन अडकला. लीश ताणलेली, ती थरथरतेय, पण जागेवर. मी ओढलं नाही, आवाज दिला नाही, खाली बसले आणि लीश किंचित सैल केली. दोनेक मिनिटांनी तिने अंग जोरात झटकलं, मग माझ्या गुडघ्याला नाक लावलं. मी तिथे रस्त्यावर बसून रडले, ते असो.

तरीही फक्त हार्नेसवर अवलंबून राहू नका. मी दोन्ही टोकांना हूक असलेली लीश वापरते, एक टोक हार्नेसला आणि दुसरं मार्टिंगेल कॉलरला, ही कॉलर ओढ बसली की आवळते, पण ठरावीक मर्यादेपर्यंतच, म्हणून गळा न दाबता डोक्यावरून निघत नाही, ग्रेहाउंडसारख्या कुत्र्यांची मान डोक्याइतकीच जाड असते त्यांच्यासाठी ती वापरतात. आपोआप गुंडाळणारी लीश अजिबात नको, हातातून सुटली तर तो प्लास्टिकचा डबा खडखडत कुत्र्याच्या मागे धावतो आणि कुत्रा त्याच्यापासून पळत राहतो. आणि वस्तू चावून तोडणाऱ्या कुत्र्याला हा हार्नेस चालणार नाही, पट्टे नायलॉनचे आहेत.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो डोक्यावरून घालण्यासाठी आणि साइजच्या चार्टसाठी, खरं तर अर्धा आणखी कापणार होते पण शटरचा तो दिवस आठवला. भुरीला घर मिळालंय, पुढच्या आठवड्यात जातेय. हार्नेस तिच्यासोबत देतेय, पट्टे कुठपर्यंत यायला हवेत तिथे मार्करने खुणा केल्यात, आणि नव्या घरच्यांना सांगितलंय की सहा महिने तरी दाराबाहेर पडताना हाच, ती कितीही आनंदात दिसली तरी. माझ्यासाठी दुसरा मागवलाय, यावेळी लहान साइज, पुढची फॉस्टर जेमतेम आठ किलोची आहे आणि ती अजून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तोंड करून बसलीय.