पाटोडी उत्तम, हाक मात्र खटकणारी

यवतमाळ-दारव्हा मार्गावरील एका ढाब्यावर पाटोडी-रस्सा खाल्ला. रस्सा झणझणीत असूनही घशाला लागत नव्हता, ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती आणि तर्री (आपल्याकडे हे नवलच) बेताची होती. मात्र चाऊमीन करणाऱ्या मणिपुरी तरुणाला मालक सर्वांदेखत ‘चिंकी’ (ईशान्येकडच्या लोकांना चेहरेपट्टीवरून हिणवणारा शब्द) अशी हाक मारत होते. हटकल्यावर ‘लाडानं म्हन्तो जी, आजकाल बोलाचीबी चोरी झाली’ असे उत्तर मिळाले. पण हे लाडाचे नाव त्या मुलाला विचारून ठेवले होते काय, यावर ते गप्प झाले. तो अनुसूचित जमातीचा असल्यास असे संबोधन १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. चवीला चार तारे, वागणुकीला एक.