बॉक्स ट्रेनर, व्हीआर की वेट लॅब: युरोलॉजीच्या रेसिडेंटने तास कुठे घालावेत

ज्युनिअर भेटला की प्रश्न ठरलेला. सिम्युलेशन करायचं तर कशावर, रूमवर बॉक्स ट्रेनर (खोक्यात खरी इन्स्ट्रुमेंट्स घालून सराव) बांधू, स्किल लॅबमधल्या व्हीआरचा (कॉम्प्युटरवरच्या आभासी ऑपरेशनचा) स्लॉट धरू, की सुट्टी टाकून वेट लॅबच्या (खऱ्या टिश्यूवर सराव) वर्कशॉपला जाऊ? आणि विचारतानाच मनात उत्तर पक्कं असतं, की जे महाग ते भारी. मी रेसिडेन्सीत तिन्हीकडे तास घातलेत, काही सत्कारणी लागले, बरेच वाया गेले, म्हणून सांगतो की आधी मशिन बघू नका, आपला हात कुठे अडतो ते बघा. वायर (दुर्बिणीला वाट दाखवणारी बारीक तार) टाकताना अडतो, टाका घेताना अडतो, की एक्सरे बघत किडनीत सुई नेताना, त्यावर उत्तर बदलतं.

महाग-स्वस्तचा हिशोब आधी उरकून टाकू. टोरांटोत झालेली एक ट्रायल 2002 साली छापून आली, शेवटच्या वर्षाच्या 40 मेडिकल स्टुडंट्सचे तीन गट, एकाला नुसतं लेक्चर, दुसऱ्याला 3,700 डॉलरचं तयार मॉडेल, तिसऱ्याला पेनरोज ड्रेन, उलटा कप, स्ट्रॉ असं काहीबाही जोडून केलेलं 20 डॉलरचं मॉडेल. काम सगळ्यांना एकच, सेमीरिजिड स्कोप (जेमतेम वाकणारी दुर्बीण) घालायचा आणि युरेटरमधला (किडनीतून ब्लॅडरकडे येणाऱ्या नळीतला) स्टोन बास्केटने (बारीक तारांच्या जाळीने) काढायचा. हात चालवलेले दोन्ही गट लेक्चरवाल्यांच्या बरेच पुढे गेले, पण महागवाले आणि स्वस्तवाले यांच्यात म्हणण्यासारखा फरकच निघाला नाही. आता हे अगदी नवख्या हातांचं झालं, शंभर केस केलेल्या माणसाला स्ट्रॉमधून काही मिळणार नाही हे उघड आहे. पण पहिल्या वर्षी मशिन नाही म्हणून रडत बसायला जागा उरत नाही, एवढं मात्र यातून कळतं.

लॅप्रोस्कोपीसाठी मी डोळे झाकून बॉक्स म्हणेन. कारण सोपं आहे, बॉक्समध्ये इन्स्ट्रुमेंट खरं, धागा खरा, सुई खरी, आणि ती सुई खरोखर वैताग देते. बघा, सुई आत जाऊन आडवी पडते, मग धागा सुईपासून दोनेक सेंटिमीटरवर डाव्या हाताने धरायचा, सुईचं टोक खाली अलगद टेकवायचं, धागा थोडा ओढला की ती स्वतःभोवती गिरकी घेते, बाक हवा तसा वर आला की उजव्या नीडल होल्डरने टोकापासून दोन-तृतीयांश अंतरावर पकडायची. लिहायला एक वाक्य, पण मला पहिल्या आठवड्यात एकेका वेळी चार-पाच मिनिटं लागायची आणि मान आखडायची. व्हीआरवरचा धागा अजून धाग्यासारखा वागत नाही, फोर्स फीडबॅक असलेल्या मशिनवरसुद्धा गाठ आवळताना जो ताण बोटांना कळायला हवा तो पटत नाही, म्हणजे मला तरी कधी पटला नाही. शिवाय परीक्षाही बॉक्सवरच होतात. युरोपातल्या ई-ब्लसमध्ये चार कामं असतात, रिंगा एका खुंटीवरून दुसरीवर नेणं, गोल कापणं, सुई रिंगांतून नेणं आणि टाका घेणं. अमेरिकेतल्या एफएलएसमध्ये अशीच पाच.

बॉक्सवर हात बसला की कोंबडीची कातडी नळीसारखी गुंडाळून त्यावर युरेथ्रा (मूत्रमार्ग) आणि ब्लॅडर जोडायचा सराव करता येतो, व्हॅन व्हेल्थोव्हेन पद्धतीने, म्हणजे दोन धागे शेपटाला बांधून सहा वाजताच्या जागेपासून दोन्ही बाजूंनी वर यायचं. वास येतो, रूममेट शिव्या घालतो, पण टिश्यू फाटतं आणि ते फाटणंच शिकवतं, कारण रबर कितीही ओढा, तक्रार करत नाही.

मग लॅपमध्ये व्हीआरला काहीच जागा नाही का, तर आहे. व्हीआर मोजतं. हात किती फिरला, डावा हात किती वेळ नुसता लटकत होता, डायथर्मी (विजेचा चटका) हवेत किती वेळा मारली, हे बॉक्स सांगत नाही आणि सरांना बघायला वेळ नसतो. येलची 2002 ची ट्रायल गॉलब्लॅडरची आहे, युरोलॉजीची नाही, पण सांगण्यासारखी आहे. 16 रेसिडेंट होते, व्हीआरवर तयार झालेल्यांनी लिव्हरपासून गॉलब्लॅडर सोडवायचं काम 29 टक्के कमी वेळात केलं आणि चुकाही बऱ्याच कमी केल्या. यातली खरी गोम लोक विसरतात. त्यांना ठरावीक तास देऊन सोडलं नव्हतं, अनुभवी सर्जनच्या पातळीचा स्कोअर येईपर्यंत थांबू दिलं नव्हतं. आपल्यातले बरेच जण तासभर बसतात, फोटो काढतात, निघतात.

आता युरेटेरोस्कोपी, म्हणजे युरेटरमधून दुर्बीण वर नेणं, इथे सामना बराच अटीतटीचा आहे. व्हीआरची जमेची बाजू म्हणजे फ्लुरो, पेडल दाबून पडद्यावर बघायचा चालता एक्सरे. पेडलवर पाय पडला की सेकंद मोजले जातात, रेडिएशन शून्य, लेड एप्रन नको, आणि वायर वर जाते की बाहेर गुंडाळतेय हे पडद्यावर ओळखायची सवय लागते. पायाला शिस्त लावायची तर यासारखं काही नाही. पण एक अनुभव सांगतो. व्हीआरवर माझा स्कोअर मस्त यायला लागला होता, ओरिफिस (युरेटरचं तोंड) सापडलं, वायर टाकली, स्कोप वर, स्टोन फोडला, सगळं कसं सुरेख. मग ओटीत पहिली केस मिळाली आणि हायड्रोफिलिक (ओली झाली की निसरडी होणारी) वायर पाकिटातून बाहेर येताच स्प्रिंगसारखी उसळली आणि ड्रेपवरून घसरून थेट जमिनीवर. दुसरी उघडली, ती ओल्या ग्लोव्हमधून निसटत होती, सिरिंजमधलं पाणी चष्म्यावर, असिस्टंटला काय धरायचं ते मी सांगितलंच नव्हतं कारण व्हीआरवर असिस्टंट नसतोच. सरांनी काही न बोलता वायर माझ्या हातातून घेतली, आणि ते न बोलणं जास्त लागलं. त्यानंतर मी बाद झालेला स्कोप, साधं सिलिकॉनचं मॉडेल आणि खरी, ओली वायर घेऊन एका मित्राबरोबर बसलो, एक दिवस तो असिस्टंट, एक दिवस मी, आणि दोन आठवड्यांत जे सुटलं ते व्हीआरच्या दोन महिन्यांत सुटलं नव्हतं.

म्हणून फ्लेक्सिबल (वाकणाऱ्या) स्कोपचं माझं गणित असं, किडनीच्या एका कप्प्यातून, म्हणजे कॅलिक्समधून, दुसऱ्या कॅलिक्समध्ये फिरायचा नकाशा डोक्यात बसवायला व्हीआर, मनगट आणि अंगठा एकत्र चालवायला खरा स्कोप. आणि लेझर फायबर स्कोपच्या टोकाबाहेर आलाय हे दिसल्याशिवाय पेडल दाबायचं नाही, ही सवय खऱ्या स्कोपवरच लावा, आत फायर केला तर स्कोप गेलाच. दुरुस्तीचा आकडा ऐकला की युनिटमध्ये दोन दिवस कोणी बोलत नाही.

पीसीएनएलच्या (पाठीतून किडनीत वाट करून स्टोन काढण्याच्या) पंक्चरला, म्हणजे पहिली सुई टोचण्याला, मात्र माझं मत उलटं आहे, इथे व्हीआर आधी. बुल्स आय पद्धतीत सी-आर्म (फिरवता येणारं एक्सरे मशिन) साधारण 30 डिग्री आपल्याकडे वळवून सुईचं टोक आणि हब (मागचा भाग) एकाच ठिपक्यात आणायचे असतात, हे डोक्यात बसायला पन्नास वेळा चुकावं लागतं, आणि पन्नास वेळा खऱ्या सी-आर्मखाली चुकायची परवानगी कोणी देणार नाही, देऊही नये. ट्रायअँग्युलेशनचं, म्हणजे दोन कोनांतून बघत सुई नेण्याचं, तेच. डुकराची किडनी कोंबडीच्या धडात बसवून केलेलं मॉडेल असतं, त्यात सुई कॅप्सूलमधून जाताना जो बारीक फटका जाणवतो तो भारी असतो, पण त्याला सी-आर्म लागतो, एप्रन लागतो, आणि तीन-चार ट्रॅक झाले की किडनीची चाळण होते. तेव्हा व्हीआरवर नजर तयार करायची आणि मग वेट लॅबला एकदा जाऊन हाताला ओळख करून द्यायची, क्रम हाच.

टीयूआरपीबद्दल, म्हणजे मूत्रमार्गातून प्रोस्टेट कापून काढण्याबद्दल, फार लिहीत नाही. व्हेरूच्या (मूत्रमार्गातला, कुठे थांबायचं ते सांगणारा उंचवटा) पलीकडे लूप (कापणारी तार) जाऊ द्यायचा नाही आणि पाणी लाल झाल्यावर घाबरून वेडेवाकडे कट घ्यायचे नाहीत, या दोन गोष्टी व्हीआर नीट शिकवतं. चिप (प्रोस्टेटचा तुकडा) कापताना लूपला जे वाटतं ते नाही शिकवत.

रोबोटसाठी तर निवड करायचीच गरज नाही, व्हीआरच. गंमत अशी की बाकीकडे जी व्हीआरची कमजोरी, टिश्यूचा ताण हाताला न कळणं, ती बहुतेक रोबोटमध्येही आहेच (2024 मध्ये आलेल्या दा विंची 5 या रोबोटमध्ये फोर्स फीडबॅकची इन्स्ट्रुमेंट्स मिळतात, तो अपवाद). दा विंचीचं सिम्युलेटर तर सर्जन ज्यावर बसून रोबोट चालवतो त्याच कन्सोलला जोडतात, तेच पेडल, तोच क्लच. फक्त कन्सोल दिवसा रिकामा नसतो, म्हणजे संध्याकाळी केसेस संपल्यावर किंवा रविवारी.

कॅडॅव्हर (मृतदेहावरच्या) वर्कशॉपला फार लवकर जाऊ नका. मी गेलो आणि अर्धा दिवस पोर्ट कुठे घालायचे यातच गेला, ते तर बॉक्सवरच उरकून यायला हवं होतं. प्लेन (टिश्यूच्या दोन थरांमधली सांध) शोधणं, पेल्विसमधल्या रक्तवाहिन्या, रेट्रोपेरिटोनियम (पोटाच्या मागची, किडनीची जागा), यासाठी ते सोनं आहे, पण रक्त वाहत नाही आणि एकदा केलेलं डिसेक्शन परत करता येत नाही. फॉर्मलिनचं टिश्यू लाकडासारखं लागतं, थील पद्धतीने ठेवलेलं मऊ असतं, तेव्हा पैसे भरण्याआधी हे विचारून घ्या.

आणि काहीही निवडलं तरी एका दिवसात सगळं उरकू नका. 2006 च्या एका ट्रायलमध्ये 38 ज्युनिअर रेसिडेंट्सना बारीक रक्तवाहिन्या जोडण्याची, म्हणजे मायक्रोव्हॅस्क्युलर अ‍ॅनास्टोमोसिसची चार सेशन्स दिली, अर्ध्यांना एकाच दिवशी, अर्ध्यांना आठवड्याला एक. महिन्याने तपासलं तर आठवड्यावाले पुढे. त्यामुळे दोन दिवसांचा महागडा कोर्स आणि रोज रात्री वीस मिनिटं बॉक्स यात एकच जमणार असेल तर मी बॉक्स घेईन, झोप येत असली तरी.

व्हीआरचा स्लॉट मिळालाच तर एकट्याने जाऊ नका. स्कोअर वाढवायच्या युक्त्या दोन दिवसांत कळतात, मशिनला फसवता येतं. शेजारी बसलेल्या बॅचमेटला म्हणावं तू पडद्याकडे बघूच नको, माझ्या पायाकडे बघ, आणि न बघता पेडल दाबलं की मांडीवर चापट मार.