टॅटू ठरत नाहीये? राजमुद्रा, इन्फिनिटी, अर्धविराम, कमळ की आजीची तुळस

माझी मावसबहीण दोन महिने झाले टॅटूच्या मागे लागलीये, एफसी रोडला दोन ठिकाणी चौकशी करून झाली, कॅम्पात एक जागा बघून आलो, फोनमध्ये शंभरेक स्क्रीनशॉट साठलेत आणि डिझाईन काही ठरत नाहीये. तिच्यासोबत फिरताना आणि नंतर बसून वाचताना जे जे कळलं ते इथे लिहितोय, तुमचंही असंच अडलं असेल तर उपयोग होईल.

आधी राजमुद्रा, कारण पुण्यात दंडावर सगळ्यात जास्त तीच दिसते. अर्थाला तोड नाही. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, जगाला वंदनीय अशी शहाजीपुत्र शिवाजीची ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते. अडचण आहे ती जागेची. श्लोक अनुष्टुभातला आहे, म्हणजे बत्तीस अक्षरं, त्यात जोडाक्षरं किती आहेत बघा (वर्धिष्णुर्विश्ववंदिता एवढं एकच घ्या), आणि हे सगळं दोन इंचाच्या अष्टकोनात बसवायचं. शाई कातडीत वर्षानुवर्षं थोडी थोडी पसरते हो, रेघा जाड होतात, मग ष्ण आणि र्व चा ठिपका होऊन बसतो. ज्या मुद्रेतला प्रत्येक शब्द आपण मानतो ती दहा वर्षांनी वाचताच येऊ नये हे मला तरी पटत नाही. काढायचीच असेल तर दंडावर किंवा पाठीवर मोठी काढा, नाहीतर नुसती प्रतिपदेची कोर काढा. मुद्रेतली उपमा तीच आहे, आणि एका जाड रेघेचं काम आहे, म्हातारपणापर्यंत टिकेल.

देवनागरीचं अजून एक, हे खरंच मनावर घ्या. मित्राला मनगटावर 'शिव' लिहून घ्यायचं होतं, मी सोबत होतो. स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर फॉन्ट मोडला होता, पहिली वेलांटी श च्या पुढे उडी मारून व ला जाऊन चिकटली, आणि स्टेन्सिल हातावर उमटलं ते 'शवि'. आर्टिस्टला मराठी वाचता येत नव्हतं, आमच्या लक्षात आलं म्हणून पुसून परत केलं. तेव्हा अक्षरं कागदावर स्वतः हाताने लिहून न्या आणि सुई लागायच्या आधी स्टेन्सिल मोठ्याने वाचा.

इन्फिनिटी म्हणजे तो आडवा आठ. हे गणितातलं चिन्ह, जॉन वॉलिसने १६५५ मध्ये अनंतासाठी वापरलं, प्रेम मैत्री वगैरे अर्थ नंतर चिकटले. दिसायला छान आहे पण एकटं फारसं काही बोलत नाही, म्हणून लोक त्यात नाव घालतात. आईबाबांचं घाला, बाकी नावांना थोडा वेळ द्या. आणि बोटावर तर नकोच, तिथली शाई लवकर उडते.

सेमीकोलन, आपला अर्धविराम. हा मला या सगळ्यात सगळ्यात खरा वाटतो. अमेरिकेत एमी ब्लूएल नावाच्या बाईने २०१३ मध्ये यावरून चळवळ सुरू केली, वडील आत्महत्येने गेले होते त्यांची आठवण म्हणून. लेखकाला वाक्य तिथेच संपवता आलं असतं पण त्याने पुढे चालू ठेवलं, असा अर्थ. तुम्ही किंवा तुमचं जवळचं कोणी आत्महत्येच्या विचारांतून गेलं असेल तर याच्याइतकं छोटं आणि मोठं दुसरं काही नाही. फक्त लोक विचारणार, ट्रेनमध्ये अनोळखी माणूससुद्धा विचारेल, तेव्हा सांगायची तयारी हवी. नुसतं क्यूट दिसतं म्हणून काढू नका प्लीज.

कमळ आणि उनालोम साधारण एकाच घरातले. कमळ चिखलातून वर येतं, उनालोमची रेघ आधी गोल गोल भरकटते मग सरळ होते, बौद्ध परंपरेत ती निर्वाणाकडची वाट. पायावर मात्र नको. आणि बुद्धाची मूर्तीच काढणार असाल तर लक्षात ठेवा, २०१४ मध्ये श्रीलंकेने दंडावर कमळात बसलेला बुद्ध गोंदलेल्या एका ब्रिटिश बाईला परत पाठवलं होतं.

आता तुळस. आमची आजी जुन्नरकडची, तिच्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूला तुळशीवृंदावन आहे, लग्नाआधी जत्रेत गोंदलेलं. काळं होतं ते आता हिरवट निळं झालंय, हात सुरकुतलाय, पण खाली चौकोन, वर तीन फांद्या आणि बाजूला पाच ठिपके अजून मोजता येतात. गोंदणाची डिझाईन्स ठिपक्यांची आणि जाड रेघांची असतात, पसरायला मुळातच जागा ठेवलेली. आजी म्हणते सोनं नाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं आपल्याबरोबर येतं. मला विचाराल तर माझं मत तुळशीला.

ठरलं की दोनतीन गोष्टी बघा. सैन्यभरतीची तयारी करत असाल तर कायमचा टॅटू साधारण कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला आणि हाताच्या पंज्याच्या मागेच चालतो, जाहिरात नीट वाचा. लाल शाईची अ‍ॅलर्जी इतर रंगांपेक्षा जास्त होते. टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही. आणि ढोलपथकात असाल तर गणपतीच्या तोंडावर अजिबात नको, जखम भरायला दोनतीन आठवडे लागतात आणि त्यात घाम, पाऊस, गुलाल, वर टिपरू धरून हात सारखा घासणार.

बहीण ढोल वाजवते, म्हणून तिने अनंत चतुर्दशीनंतरची तारीख घेतलीये. कोर की तुळस एवढंच राहिलंय, रविवारी आजीकडे जाऊन तिच्या हाताचा नीट फोटो काढून आणणारे.