उत्पन्नाचा दाखला की रेशनकार्ड: कोणता कागद पुढे करावा?

सरकारी योजनेच्या फॉर्मला गरिबीचा पुरावा म्हणून बहुतेक वेळा दोनच कागद चालतात: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला नाहीतर रेशनकार्ड. मी गावात लोकांचे फॉर्म भरून देतो. माझं सांगणं एकच, जिथे कार्ड चालतं तिथे दाखल्याच्या मागे लागू नका.

दाखला म्हणजे हेलपाटे. शेतमजुराकडे ना पगाराची स्लिप, ना फॉर्म १६. आधी तलाठ्याचा अहवाल, मग सेतूत अर्ज. ठरलेल्या मुदतीत काम व्हावं म्हणून लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, तरी दिवसाची मजुरी बुडतेच. एवढं करून दाखला ३१ मार्चला संपतो.

मागे एका मावशींना विचारलं, "वर्षाचं उत्पन्न किती लिहू?" त्यांनीच उलट विचारलं, "योजनेला किती लागतं?" यात लबाडी नव्हती. खुरपणी दोन महिने, कापूस वेचणी दीड महिना, मधे काहीच नाही. बेरीज कधी कुणी केलेलीच नाही. आणि योजनांचे आकडे तरी कुठे जुळतात? संजय गांधी निराधार योजनेला २१ हजारांच्या आत, आरटीईच्या, म्हणजे खासगी शाळेतल्या मोफत प्रवेशाच्या, दुर्बल घटकाला १ लाखाच्या आत, अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाखांपर्यंत. वर्षाला २१ हजार म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. एवढ्यात घर चालतं असं लिहून द्यायला लावणं मला मनापासून चुकीचं वाटतं.

कार्डाचं तसं नाही. ते घरात असतं, दरवर्षी काढावं लागत नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेत पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली, तेव्हा कितीतरी बायकांची तहसीलची फेरी वाचली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेने तर २०२३ च्या निर्णयाने रंगाची अटच काढली. उपचाराच्या बाबतीत हाच मार्ग मला सगळ्यात पटतो.

कार्डातही खोट आहे. रंगांच्या मर्यादा १९९९ च्या: पिवळ्याला १५ हजारांपर्यंत, केशरीला त्यावर १ लाखापर्यंत. लाडक्या बहिणीचे महिना १५०० धरले तर वर्षाचे १८ हजार होतात, म्हणजे पिवळ्याची मर्यादा तेवढ्यातच ओलांडली जाते. त्या मर्यादा वाढवा आणि बाकीच्या योजनांनाही कार्ड चालू द्या, एवढी साधी मागणी आहे. दुसरी अडचण नावांची. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालेलं नसतं, सासरच्या कार्डावर चढलेलं नसतं. ऐन वेळी ती कुठल्याच घरची नसते.

मुलांच्या शिष्यवृत्तीला मात्र दाखला चुकत नाही. तो एप्रिलमध्येच काढा, म्हणजे पुढच्या मार्चपर्यंत चालेल आणि जूनच्या गर्दीत सर्व्हर बंद पडला तरी अडणार नाही. ओबीसी वगैरेंना सवलतीसाठी लागणारा नॉन-क्रिमीलेअर दाखला हवा असेल तर तीन वर्षांचाच मागा. आणि तहसीलला जाताच आहात, तर पुरवठा शाखेत सुनेच्या नावाचा अर्जही देऊन या.