होलर हाऊस, मिलवॉकी: तळघरातलं बोलिंग
अमेरिकेतल्या मिलवॉकीत असाल आणि बोलिंगची (क्रिकेटची नव्हे, जड बॉल घरंगळवत नेऊन समोरच्या दहा पिन पाडायच्या, तो खेळ) थोडी जरी आवड असेल तर इथे जाच, पण आधीच सांगतो, निऑन लाईट, मोठे स्क्रीन, आर्केड गेम असलं काही हवं असेल तर हे तुमच्यासाठी नाही. वर साधा बार, खाली तळघरात फक्त दोन लेन (बॉल घरंगळवायच्या पट्ट्या), लाकडी, १९०८ पासूनच्या. अमेरिकेत अजून चालू असलेल्या मान्यताप्राप्त लेनमध्ये या सगळ्यात जुन्या.

खरी मजा म्हणजे पिन लावायला मशीनच नाही. पलीकडच्या टोकाला एक पोरगा बसतो, पिन पडल्या की तो खाली उतरतो, हाताने परत उभ्या करतो आणि बॉल परत पाठवतो. त्याला टिप द्या राव, घाम निघतो त्याचा! १९५० च्या दशकात ऑटोमॅटिक पिनसेटर, म्हणजे पिन आपोआप लावणाऱ्या मशीन, पसरले तशी ही पोरं देशभरातून गायब झाली आणि उपनगरांत मोठमोठी सेंटर्स उभी राहिली, कारखान्यांच्या नि चर्चच्या लीगची गर्दी व्हायला लागली.

स्कोर कागदावर लिहायचा, स्ट्राईक पडला (पहिल्याच बॉलला सगळ्या दहा पिन पडल्या) की पुढच्या दोन बॉलचे पिन त्यात धरायचे, यावरून आमच्या ग्रुपमध्ये मस्त भांडण झालं.

बाकी बोलिंगला 'सगळ्यांचा खेळ' म्हणतात ते जरा जपूनच घ्या, अमेरिकन बोलिंग काँग्रेस या तिथल्या बोलिंगच्या संघटनेने १९५० पर्यंत सदस्यत्व फक्त गोऱ्या पुरुषांनाच दिलं होतं.

जाताना आधी फोन करा, पिन लावायला माणूस बोलवावा लागतो.