नाशिकच्या सीबीएसजवळचं (मध्यवर्ती बसस्थानकाजवळचं) टायपिंग आणि सिंधी-उर्दू भाषांतराचं दुकान

दुकानाला नाव असं नाही. पाटीवर नुसतं ‘झेरॉक्स, टायपिंग, भाषांतर’. मेहेर सिग्नलजवळ, जिल्हा कोर्टापासून चालत पाच मिनिटं, वर अरुंद जिना. मी दोन वर्षांत तिथे निदान पंधरा वेळा गेले असेन, म्हणून सविस्तर लिहिते. असे कागद घेऊन फिरणारं आणखी कुणी असेल तर त्याला उपयोग व्हावा.

काम माझं नव्हतं. मी देवळाली कॅम्पात लॅम रोडला ब्लाउज शिवते. माझ्याकडे हातशिलाईला एक बाई येते, तिचं नाव लिहीत नाही. सिंधमधल्या सक्करची. २०१३ साली नवरा, सासू आणि कडेवरची मुलगी यांच्यासोबत हरिद्वारच्या यात्रेच्या व्हिसावर आली आणि इथेच राहिली. नवरा मात्र चार महिन्यांत सासूला घेऊन परत गेला आणि तिकडे त्याने दुसरा संसार मांडला. ही दीर्घ मुदतीच्या व्हिसावर मुलीला वाढवते आहे. ती स्वतःला निर्वासित म्हणते, पण तिच्या एकाही सरकारी कागदावर तो शब्द नाही. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. कागदोपत्री ती पाकिस्तानी नागरिक, आणि प्रत्येक अर्जात पतीच्या नावाचा रकाना. तो भरताना तिचा हात थांबायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

तिला घटस्फोट हवा होता, म्हणून पहिल्यांदा एका खाजगी वकिलाकडे गेलो. त्याने अकरा हजार घेतले आणि सांगितलं, तिकडून विवाह नोंदणीचा दाखला आणा. तो येणार कुठून? सिंधमध्ये हिंदूंच्या विवाह नोंदणीचा कायदा आला २०१६ मध्ये, त्यात घटस्फोटाची तरतूद झाली २०१८ मध्ये, आणि हिचं लग्न २००९ चं. तिच्याकडे होती ती पंचायतीच्या मुखींच्या, म्हणजे प्रमुखांच्या, सहीची लग्नाची एक चिठ्ठी, घडीवर फाटत आलेली, सिंधीत, अरबी वळणाच्या लिपीत. वकील म्हणाला, भाषांतरात तिलाच ‘मॅरेज सर्टिफिकेट’ म्हणा.

ती चिठ्ठी घेऊन आम्ही या दुकानात आलो. भाषांतर करणारे काका सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांचे आईवडील फाळणीनंतर इकडे आले, लिपी आईने शिकवली. आपल्याकडच्या बहुतेक तरुण सिंध्यांना ती वाचता येत नाही. बावन्न अक्षरं आहेत तिची. काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि सांगितलं, “बेटा, हा दाखला नाही. ही चिठ्ठी आहे. मी चिठ्ठीच लिहिणार.” मला तेव्हा राग आला होता. पाच महिने वाया गेलेले, त्यात हे. पण त्यांनी शब्दन्‌शब्द तसाच ठेवला. संवत २०६५ च्या माघातली तिथी तिथीच ठेवली आणि तारीख खाली वेगळ्या टिपेत दिली. फाटलेल्या जागी ‘येथे अक्षर गेले आहे’ असं लिहिलं.

नावाचं सर्वांत अवघड होतं. या लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. त्यामुळे एकच नाव पासपोर्टवर एक, व्हिसावर दुसरं आणि मुलीच्या शाळेत तिसरं झालेलं. मी म्हटलं, काका, सगळीकडे सारखं करून टाका. ते नाही म्हणाले. तिन्ही रूपं जशीच्या तशी दिली आणि ही एकच व्यक्ती, असं तिचं प्रतिज्ञापत्र वेगळं टाइप करून दिलं.

पुढे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळाल्या, मोफत. स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, आणि कायद्यात ‘नागरिक’ नव्हे, ‘व्यक्ती’ असं म्हटलंय. घटस्फोटाच्या दाव्यात महिलांना महाराष्ट्रात कोर्ट फीसुद्धा माफ आहे. हे आधी माहीत असतं तर अकरा हजार वाचले असते. त्या वकीलबाईंनी चिठ्ठीचं भाषांतर वाचलं आणि म्हणाल्या, हेच हवं होतं. हिंदू विवाह कायद्यात लग्न विधींनी होतं, नोंदणी नसली तरी ते लग्नच. चिठ्ठी आणि लग्नाला हजर असलेल्या मावसबहिणीची साक्ष पुरली. तीच चिठ्ठी दाखला म्हणून दिली असती तर खोटेपणाचा ठपका तिच्यावर बसला असता. माझा राग त्या दिवशी गेला.

दुसरा प्रश्न होता, परदेशी नागरिकाला हा कायदा लागू होतो का. वकीलबाईंनी समजावलं की इथे मुद्दा अधिवासाचा, कायम इथेच राहण्याच्या इराद्याचा आहे. त्यासाठी व्हिसाच्या मुदतवाढी, भाडेकरार, मुलीचे शाळेचे कागद जोडले. दावा बायको राहते तिथे, म्हणजे नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात चालला. नवऱ्याला नोटीस कोर्टाच्या परवानगीने व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवली. तिचं सिंधी रूप काकांनी हाताने लिहिलं, कारण त्याला इंग्रजी वाचता येत नाही आणि ‘मला कळलंच नाही’ म्हणायला वाव नको. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. निकाल एकतर्फी झाला.

आता दुकानातल्या अडचणी. दोन ते चार बंद असतं, आणि कोर्टाची मधली सुट्टी नेमकी तेव्हाच. बसायला एकच स्टूल. काका आधी हाताने लिहितात, मग दुकानातली मुलगी टाइप करते, त्यामुळे एका पानाला तीन-चार दिवस धरा. आदल्या दिवशी येऊन घाई करू नका, ते करत नाहीत. मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असतो, मोबाइलवर उघडत नाही, छापील प्रतच मागा. दर पानाला चारशे, प्रतिज्ञापत्राचे वेगळे, पावती न मागता देतात. मूळ कागद त्यांनी एकदाही रात्रभर ठेवून घेतला नाही. समोर झेरॉक्स काढायची, मूळ लगेच हातात परत. जिचं सगळं घर त्या एका पिशवीत आहे, तिला याचं मोल फार होतं.

निकालाची नक्कल मिळाल्यावर ती पुन्हा त्यांच्याकडे गेली. तिची आई सक्करलाच आहे, तिला फक्त ती लिपी येते आणि तिला स्वतः वाचायचं होतं. दादा, आईला कळेल असं लिहा, एवढंच ती म्हणाली. त्यांनी दोन पानं लिहून दिली, आठशे रुपये घेतले. आम्ही फोटो काढून पाठवले.

टाइप करणारी मुलगी लिपी शिकलेली नाही, आणि काकांना आता डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही. असे कागद घरात असतील तर लवकर घेऊन जा, शक्यतो सकाळी अकराच्या आत.